पास झालेली भिंत

घराला रंग द्यायचा तो भिंती चांगल्या दिसाव्यात म्हणून, असा एक गैरसमज समाजात खोलवर रुजलेला आहे. वास्तविक भिंती कशाही दिसल्या तरी माणूस त्यांच्या आडोशाला सुखाने जन्म काढतो. रंग द्यायचा असतो तो आपण निवडलेला रंगारी बरोबर होता हे चारचौघांत सिद्ध व्हावं म्हणून. आणि ही बाब इतकी महत्त्वाची आहे की ती एकट्या भिंतीवर सोपवून चालत नाही. तिथे माणसाला स्वतः बोलावं लागतं.

हे ज्यांना पुरतं पटलेलं होतं ते गृहस्थ काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या येत, आणि जिच्यात खसखशीएवढा जरी बुडबुडा असेल ती ते बरोबर उचलीत आणि न बघता मागच्या पेटीत टाकीत. गल्लीत त्यांना सगळे तपासनीसच म्हणत. बायकोही क्वचित म्हणे, पण तिचा सूर वेगळा असे.

घरात रंगाचा विषय निघाला तेव्हा बायकोने आपल्या मावसबहिणीकडचा रंगारी बोलावला. तो आला, भिंतीवरून बोट फिरवलं, आणि म्हणाला, "आधी जुना रंग खरवडायला लागेल. मग भेगा-खड्ड्यांत लांबी भरायची. लांबी वाळेपर्यंत मी फिरकणार नाही, फोन करू नका." हा माणूस उद्धट असल्याचा शेरा तपासनीसांनी तो जिना उतरायच्या आत मारला. त्यानंतर दुसरा आला. तो स्वतःला आर्टिस्ट म्हणवत असे. त्याने भिंतीला हातसुद्धा लावला नाही. तपासनीसांनी त्याला रंगकाम कसं करावं हे सविस्तर समजावून सांगितलं, ते त्याने हात बांधून ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखं जाणकार गिऱ्हाईक नशिबाने मिळतं." निवडप्रक्रिया इथे पूर्ण झाली.

"अहो, त्याचं काम कुठे बघितलंय का?" बायकोने विचारलं.

"मी स्वतः उभा राहून करून घेतो," तपासनीस म्हणाले. (प्रत्यक्षात ते बसले होते. खुर्ची भिंतीला टेकून ठेवलेली असल्यामुळे त्या जागी भिंतीचा रंग जुनाच राहिला.)

घाईही होती. तपासनीसांची थोरली बहीण, म्हणजे माई, डोळ्यांचं ऑपरेशन होऊन विश्रांतीसाठी राहायला येणार होती. आई गेल्यावर तपासनीसांना माईनेच वाढवलं. त्यांच्या चड्ड्यांना ठिगळं लावण्यापासून ते त्यांना कारखान्यात चिकटवण्यापर्यंत सगळं तिने केलं. या बहिणीला मोतीबिंदूमुळे गेली काही वर्षं जग धुक्यातून दिसत होतं. आता लख्ख दिसू लागलं होतं, आणि लख्ख दिसण्याजोगं काहीतरी आपल्या घरात असावं अशी भावाची मनापासून इच्छा होती. त्यामुळे आर्टिस्ट जेव्हा बिचकत म्हणाला, "साहेब, पहिला हात वाळू दे की," तेव्हा तपासनीस म्हणाले, "आतून वाळेल सावकाश. दुसरा हात असतो कशासाठी?" आर्टिस्टने हे तत्त्व आनंदाने स्वीकारलं. रोज संध्याकाळी तो विचारी, "बघून घेता का?" आणि तपासनीस खुर्चीतून म्हणत, "पास."

काम संपलं त्या सकाळी खिडकीतून ऊन आत आलं आणि भिंत दिसली.

तिच्यावर आढळलेल्या बाबींची वर्गवारी अशी. ढग: मोठे, मधोमध, कडेने पिवळसर. रोलरचे पट्टे: उभे, आडवे, आणि जिथे आर्टिस्टला फोन आला होता तिथे तिरके. ओघळ: खिडकीखाली, थेंब टोकाशी जाऊन थांबलेले. ब्रशचे केस: विखुरलेले. एक डास: पंख पसरलेल्या अवस्थेत, रंगवलेला. दिव्याचं बटण रंगात बसून गेलं होतं, त्यामुळे दिवाणखान्यातला मोठा दिवा लागत नव्हता. (ही एकच बाब पुढे उपयोगाची ठरली.)

आर्टिस्ट ब्रश पुसत समोर उभा होता. "कसं वाटतंय साहेब?" त्याने विचारलं.

उभ्या हयातीत तपासनीसांनी नापास केलेल्या बाटल्या एकावर एक ठेवल्या तर गावाची वेस झाकली जाईल. पण बाटली काही ब्रश पुसत समोर उभी राहत नाही आणि कसं वाटतंय म्हणून विचारत नाही. शिवाय प्रत्येक टप्पा त्यांनी स्वतःच पास केला होता. ते घसा खाकरून म्हणाले, "फर्स्ट क्लास." स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ती आत निघून गेली.

एकदा भिंत फर्स्ट क्लास ठरली की तिचा बंदोबस्त करणं ओघानेच येतं. मोठ्या ढगावर घड्याळ लावायचं ठरलं. घड्याळ काढल्यावर कळलं की आर्टिस्टने ते न काढताच भोवतीने रंग दिला होता, त्यामुळे तिथे जुन्या रंगाचा एक वाटोळा चांद उघडा पडला. चांदावर कॅलेंडर गेलं. कॅलेंडरमागे आधी जे होतं ते झाकायला कपाट सरकवलं. कपाटामुळे बेडरूमचं दार अर्धंच उघडू लागलं, तेव्हा घरातल्या माणसांनी अंग तिरकं करून आत जायची सवय करून घेतली. ही सवय प्रकृतीला चांगली असते असं तपासनीस म्हणत.

पाहुण्यांसाठीही धोरण आखण्यात आलं. त्यांनी भिंतीकडे पाठ करून बसावं, यासाठी सगळ्यात मऊ खुर्ची तशी मांडली होती. पडदे दिवसाही ओढलेले असत, आणि मोठा दिवा तर लागतच नव्हता. तरीही कोणाची नजर वळलीच तर तपासनीस स्वतःहून म्हणत, "मुद्दाम असं करून घेतलंय. हल्ली सपाट रंग कोणी देत नाही." त्यांनी केलेल्या पाहणीनुसार निम्म्या लोकांना भिंत आवडली. (पाहणीत वरच्या मजल्यावरचं जोडपं होतं. आवडली ती नवऱ्याला. त्याने आर्टिस्टचा नंबरही मागून घेतला.)

आणि मग माई आली.

ती नव्या डोळ्यांनी अक्षरशः उंडारत होती. आल्या आल्या तिने गोळ्यांच्या पाकिटामागचा बारीक मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. भाचीच्या हनुवटीवर लहानपणी पडल्याची खूण शोधून काढली. भावजयीला म्हणाली, "अगं, तू गोरी आहेस की! मला गेली काही वर्षं वाटायचं सावळी झालीस." सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवला आणि तो परत काढून पुन्हा ओवला, नुसती मजा म्हणून. मग पडदा सर्रकन बाजूला केला आणि मऊ खुर्ची सोडून खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

समोरची भिंत तिने वरपासून खालपर्यंत बघितली.

"बारक्या," ती म्हणाली. (तपासनीस निवृत्तीला आले होते, पण तिच्यासाठी ते बारक्याच होते.) "भिंतीवर ढग कसले रे?"

इथे तपासनीसांपुढे दोन मार्ग होते. एक सरळ होता. दुसऱ्या मार्गाला फक्त एक शब्द लागत होता, आणि तो त्यांच्या तोंडून कधी निघून गेला त्यांना कळलंसुद्धा नाही.

"कुठे?" ते म्हणाले.

"हे काय समोर. पिवळे पिवळे. आणि वरून खाली काहीतरी ओघळल्यासारखं."

तपासनीसांची कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "आत्या, अगं ते—"

"आत्याला पाणी आण," तपासनीस म्हणाले.

माईने एक डोळा झाकून बघितलं. मग दुसरा झाकून बघितलं. डोळे चोळले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "दोन्हीकडून दिसतंय," ती हळूच म्हणाली आणि पाण्याचा पेला हातात तसाच धरून बसली.

यापुढचं सगळं अगदी तर्काला धरून झालं. भिंत चांगली आहे हे आधीच ठरलेलं होतं. चांगल्या भिंतीवर ढग असू शकत नाहीत. तरीही ते माईला दिसतात. तेव्हा दोष कुठे असायला हवा, हे कोणीही सांगेल. तपासनीसांनी सांगितलं मात्र नाही. ते एवढंच म्हणाले, "नवीन आहेत ना डोळे. बसतील हळूहळू." आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलं नाही. आपण फक्त खरं बोललो नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी माई भिंतीजवळ गेली आणि तिने तळहात टेकवला. "इथे खरबरीत लागतंय रे. काहीतरी चिकटलंय, पंखासारखं."

"हाताला होतात असे भास," तपासनीस म्हणाले. "वय झालं की." मुलगी ताडकन उठून बाहेर गेली. जाताना अर्ध्या दारात तिचं कोपर आपटलं.

स्वयंपाकघरात बायकोने त्यांना गाठलं. "अहो, भिंत तुमची आहे, डोळे त्यांचे आहेत. जरा तरी लाज बाळगा."

"सांगतो ना. योग्य वेळ बघून सांगतो."

"आणि ती वेळ कोण पास करणार?"

योग्य वेळ त्या संध्याकाळी येणारच होती. पण तिच्याऐवजी आर्टिस्ट आला. बरोबर एक गिऱ्हाईक होतं, कारण आर्टिस्टला नमुना म्हणून दाखवायला दुसरं घर नव्हतं. "साहेब, तुम्हीच सांगा यांना," आर्टिस्ट म्हणाला. तपासनीसांनी माईकडे बघितलं, आर्टिस्टकडे बघितलं, आणि काम फर्स्ट क्लास झाल्याचं सांगितलं. गिऱ्हाईक सज्जन होतं. परक्या घरात येऊन, घरच्या वयस्कर बाईंसमोर भिंतीला नावं ठेवायची त्याची टाप नव्हती. ते म्हणालं, "वा! काय सफाई आहे!" आर्टिस्ट मान डोलवत म्हणाला, "एक डाग दाखवा, काम सोडून देईन." माई भिंतीवरच्या ढगांकडे बघत होती आणि परका माणूस त्याच भिंतीची तारीफ करत होता. ती उठून आत गेली आणि डोळ्यांत थेंब घालून पडून राहिली.

त्यानंतर तिने सुई हातात घेतली नाही. पाकिटामागचं काही वाचलं नाही. भावजय तिला म्हणाली, "माई, बाहेर फिरून येऊ चला," तर म्हणाली, "नको गं, बरी आहे मी." घरातला तिचा आवाज गेला. वरच्या मजल्यावर मात्र आर्टिस्टने कामाला सुरुवात केली होती आणि त्याच्या रंगकामाच्या लाकडी घोड्याचा खडखडाट दिवसभर ऐकू येत होता.

एका दुपारी तपासनीस कारखान्यातून लवकर आले. बायको आणि मुलगी बाहेर गेल्या होत्या. माई दिवाणखान्यात होती. तिने डोळे गच्च मिटले होते आणि एक हात पुढे करून ती चालत होती. खुर्चीपासून टेबलापर्यंत गेली, टेबल चाचपलं, वळली. कपाटाला हात लागल्यावर तिरकी झाली आणि अर्ध्या दारातून आत गेली. आतून मोरीच्या कडीचा आवाज आला. मग ती तशीच, डोळे न उघडता परत आली. मधे तिचा पाय खुर्चीला अडखळला तेव्हा ती स्वतःशीच पुटपुटली, "इथे खुर्ची. लक्षात ठेव."

तपासनीस दारातच उभे राहिले. ती सराव करत होती. आपण आंधळ्या होणार हे तिने मनाशी धरलं होतं आणि भावाच्या संसाराला आपला त्रास होऊ नये म्हणून ती घर पाठ करत होती. हे त्यांना समजलं. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली, इतकी की ती कुठे ठेवावी हेच त्यांना कळेना. अशा वेळी कोणीही सरळ माणूस पुढे होतो आणि म्हणतो, माई, डोळे उघड, भिंत भिकार आहे. तपासनीस पुढे झाले आणि म्हणाले, "माई, डॉक्टरांना दाखवून येऊ या का?"

इथे कोणी त्यांना हसू नये. एका शब्दाने जे मिटलं असतं त्यासाठी त्यांनी कारखान्यात रजा टाकली, दोन बस बदलल्या, आणि दवाखान्याच्या बाकावर दीड तास बसले. एवढे कष्ट माणूस उगाच घेत नाही.

बाकावर आणखी बरेच म्हातारे होते. प्रत्येकाबरोबर मुलगा, पुतण्या, जावई असं कोणी ना कोणी होतं, आणि ही बरोबरची माणसं एकमेकांची नजर चुकवत होती. तपासनीसांच्या शेजारच्या माणसाच्या नखांत पांढऱ्या रंगाची कड अडकलेली होती. तपासनीसांचं लक्ष गेलेलं बघून त्याने हात खिशात घातला.

डॉक्टरीणबाई चटपटीत होत्या. त्यांनी माईला समोरचा तक्ता वाचायला लावला. माईने भीत भीत मोठी अक्षरं वाचली, मग लहान, मग त्याहून लहान, आणि शेवटी तक्ता छापणाऱ्या छापखान्याचं कोपऱ्यातलं नावही वाचलं.

"आजी, डोळे छान आहेत. ढग कुठे दिसतात?"

"भावाच्या घरी."

"इथे दिसतात का?"

"नाही."

"बसमध्ये? रस्त्यावर?"

"नाही बाई. भावाच्याच घरी. ते पण एकाच भिंतीवर."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची तपासनीसांकडे फिरवली. "नुकताच रंग दिलाय का?"

तपासनीस बुटांकडे बघू लागले.

"हा प्रकार आमच्याकडे नेहमीचा आहे," बाई म्हणाल्या. "लोकांची रंगाची कामं निघाली की सुरू होतो. पेशंटला घेऊन येतो तो बहुतेक वेळा रंगारी ठरवणारा असतो. सुरुवातीला मी पेशंटला थेंब द्यायचे. आता नातेवाइकाशी बोलते. लवकर गुण येतो." मग त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "सांगता की मी सांगू?"

"माई," तपासनीस म्हणाले. "भिंत खराब आहे. ढग आहेत, ओघळ आहेत, डासही आहे. सगळं आहे. मी घाई केली, रंगारीही मीच आणला. तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

माई त्यांच्याकडे बघत राहिली. बघायला तिला आता काही अडचण नव्हती, म्हणून जास्तच वेळ बघत राहिली.

"मी इतके दिवस आंधळी होत होते रे बारक्या," ती म्हणाली. "आणि तू बघत होतास."

बाहेरच्या बाकावर, दार उघडं असल्यामुळे, हे सगळ्यांना ऐकू गेलं. रंगाची कड असलेल्या नखांचा माणूस आपल्या सासऱ्यांच्या कानाशी वाकला आणि काहीतरी बोलू लागला. सासरे एकदम ओरडले, "काय म्हणालास? परत म्हण!"

परतीच्या बसमध्ये माईने खिडकी धरली. ती तपासनीसांशी बोलली नाही. पण बाहेरची प्रत्येक पाटी ती मोठ्याने वाचत होती. "शिलाई मशीन दुरुस्ती. येथे झेरॉक्स मिळेल. दातांचा दवाखाना, पहिला मजला. कृपया वाहन लावू नये." आणि प्रत्येक पाटीनंतर थांबून भावाकडे बघत होती. तपासनीस दर वेळी म्हणत होते, "बरोबर, माई. हेच लिहिलंय." सगळी बस ऐकत होती. एका पाटीवर अक्षर पुसट झालं होतं, तिथे ती अडली आणि म्हणाली, "हे मला लागत नाहीये." तपासनीस उठून उभे राहिले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "मलाही लागत नाहीये." तेव्हा कुठे ती थोडी हसली.

घरी आल्यावर कपाट हलवण्यात आलं. उद्धट रंगाऱ्याला बोलावण्यात आलं. त्याने भिंतीवर बोट फिरवलं, काही बोलला नाही, आणि हे न बोलणं तपासनीसांनी उभ्याने सोसलं. (या वेळी ते खरोखरच उभे होते.) लांबी वाळेपर्यंत तो फिरकला नाही. माईने मुक्काम वाढवला. ती रोज खिडकीजवळ बसून वाळणारी भिंत बघे, दोरा ओवी, आणि वरच्या मजल्यावरच्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या म्हाताऱ्या आईला डोळ्यांपुढे ढग येऊ लागले आहेत असं कळल्यावर तिला भेटायला जिना चढून गेली.

हे वाचून तुम्हाला तपासनीसांची कीव आली असेल. तुमच्या घरच्या भिंती गुळगुळीत असतील, रंगारीही हुशार मिळाला असेल, त्याबद्दल शंका नाही. एवढंच करा. घरातल्या ज्या वडीलधाऱ्या माणसाला तुम्ही अलीकडे "तुम्हाला नीट ऐकू आलं नाही", "असं मी म्हणालोच नव्हतो", "तुम्हाला हल्ली आठवत नाही" असं काही सांगितलं असेल, त्यांच्यापाशी आज जरा जाऊन बसा. ते कदाचित डोळे मिटून बसले असतील. झोपले आहेत असं समजून परत फिरू नका.